तुमच्या बाबाचा पहिला शब्द

काल व्हिडिओ कॉलवर तुमचा धाकटा भाऊ दुधाच्या पेल्यासाठी हात पुढे करत होता आणि तुमचा बाबा पेला उंच धरून म्हणत होता, "आधी दूध म्हण." भावाने टेबलावर डोकं आपटलं. पेला वरच राहिला. दोन वर्षं उलटली तरी पोर बोलत नाही, याची बाबाला काळजी आहे. पण ही रीत त्याने कुठून उचलली हे मला माहीत आहे, म्हणून मी, तुमची आजी, तुम्हा दोघा मोठ्या भावंडांना लिहिते.

तेव्हा आम्ही मोताळ्याला राहत होतो. मी शाळेत इंग्रजी शिकवायचे. तुमचा बाबा अडीच वर्षांचा झाला तरी मुका. एका इंग्रजी पुस्तकात मी वाचलं होतं की मूल नाव घेईपर्यंत त्याला वस्तू देऊ नये. मारायला पुस्तकाने सांगितलं नव्हतं, ते माझं. रोज संध्याकाळी साडेपाच ते सहा मी त्याला भिंतीशी उभं करायचे. एका हातात पाणी, दुसऱ्यात लाकडी पट्टी. "पाणी म्हण. म्हण." गप्प राहिला की पोटरीवर फटका. एकदा मे महिन्यात तहानेने तो माझ्या हाताला चावला. मी तोंडावर पट्टी मारली, ओठ फुटला. तरी पाणी दिलं नाही. सहा वाजायचे होते.

शेजारच्या खाला शिवणकाम करायच्या. त्या कुंपणापलीकडून म्हणाल्या, "काऊन मारता बाई लेकराले? बोलता येत नाही त्याले, तहान तर लागते."

"तुम्ही तुमची मशीन चालवा," मी म्हटलं.

दोनच दिवसांनी त्यांच्या अंगणातून त्यांच्या शेळीच्या करडाचं ओरडणं ऐकू आलं. करडू लिंबाला बांधलेलं होतं. दोरी पुरणार नाही इतक्या अंतरावर तुमचा बाबा पाण्याची वाटी धरून उभा होता. दुसऱ्या हातात माझी पट्टी. करडाने मान ताणली की तोंडावर फटका. नाकातून रक्त गळत होतं, एक डोळा चिघळल्यासारखा लाल झाला होता. आणि प्रत्येक फटक्याला तुमचा बाबा अगदी स्पष्ट म्हणत होता, "म्हण. म्हण."

मी पट्टी हिसकावली आणि त्याच्यावरच उगारली. तो रडला नाही. ओठांवर हात ठेवून मुकाट्याने भिंतीशी जाऊन उभा राहिला.

खाला बाहेर आल्या. ओढणीने करडाचं तोंड पुसत म्हणाल्या, "बोललं की बाई तुमचं लेकरू. आता तरी पाणी पाजा त्याले."

त्यांनी दिलेला पाण्याचा पेला मी पुढे केला. तो घेईना. माझ्या दुसऱ्या हातात काय आहे ते पाहत राहिला.

पट्टी मी जाळली. करडाचा डोळा गेला. पुढचे शब्द बाबा खालांच्या मशीनपाशी बसून शिकला, मी शाळेत असताना.

त्याला यातलं काही आठवत नाही. मी आजवर सांगितलं नाही. उद्या भावाने हात पुढे केला की पेला तुम्ही त्याच्या हातात द्या. तो पीत असताना एकदाच म्हणा, दूध. बाबा रागावला तर त्याला हे पत्र वाचायला द्या.