मार्थामावशी ओहोळांच्या दारात

मुरबाडहून मार्थामावशींच्या शेजारणीचा, भोईरवहिनींचा फोन आला तेव्हा मी शाळेत जायला निघाले होते. “ताई, सिस्टर गेल्या हो...” एवढंच त्या म्हणाल्या. मग त्यांच्या मुलानं फोन घेतला. मावशी रोज उठल्या की आधी रस्त्याकडची खिडकी उघडायच्या. त्या दिवशी खिडकी उघडली नाही म्हणून वहिनींनी दार वाजवलं, शेवटी मागच्या दारानं आत गेल्या. मावशी अंथरुणावर कुशीला वळून निजल्यासारख्या होत्या. झोपेतच गेल्या असाव्यात. जन्मभर दुसऱ्यांच्या उशाशी बसलेली बाई, स्वतःच्या उशाशी कुणाला बसू न देता गेली... फोन ठेवल्यावर कितीतरी वेळ माझ्या मनात हाच विचार होता.

मुरबाडला त्या ‘सिस्टर’. सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून आल्या आणि निवृत्त होऊन तिथेच राहिल्या. शहापूरच्या आमच्या ख्रिस्ती मंडळीत मात्र त्या मार्थामावशी. मूळच्या नगरकडच्या, पण मुरबाडला इतकी वर्षं काढल्यावर त्यांच्या तोंडी ‘नाय’ आणि ‘आमी-तुमी’ कायमचं बसलेलं. आमची मंडळी तशी लहानच. नोकरीनिमित्त नगर, नाशिक, जालन्याकडून आलेली काही शिक्षकांची, नर्सबाईंची, सरकारी नोकरांची घरं, आणि गावाच्या कडेला पत्र्याचं एक प्रार्थनामंदिर. मी लग्न होऊन शहापूरला आले ते नव्वदीच्या सुरुवातीला. तेव्हा मावशी आणि त्यांचे यजमान साळवे गुरुजी दर रविवारी सकाळच्या एसटीनं किन्हवलीमार्गे उपासनेला यायचे. मला पेटी वाजवता येते हे कळल्यावर मावशींनी मला हाताला धरून पुढे बसवलं होतं. “आता आमचं गाणं सरळ होईल गो,” म्हणाल्या होत्या. त्या स्वतः रत्नमालाबाईंच्या शेजारी बसून गायच्या. रत्नमालाबाई म्हणजे मंडळीचे पंच यशवंतराव ओहोळ यांच्या पत्नी. दोघी एकाच वर्षी नव्या नवऱ्या म्हणून या मंडळीत आलेल्या, तेव्हापासून दोघींची चटई एक.

ती चटई मोडली. आमचे जुने पाळकसाहेब बदलून गेले आणि नवे कोणी आणायचे यावरून मंडळीत दोन तट पडले. एकीकडे ओहोळकाका, दुसरीकडे साळवे गुरुजी. मूळ मुद्दा काय होता हे आज विचाराल तर कुणालाच धड सांगता येणार नाही, पण तेव्हा माणसं एकमेकांना ‘जय ख्रिस्त’ म्हणायची बंद झाली. गुरुजींच्या बाजूची घरं एकाच्या ओसरीवर वेगळी प्रार्थना करू लागली. आणि त्यातच, पुढच्या उन्हाळ्यात, गुरुजी हृदयविकारानं गेले. त्यांना शहापूरच्या दफनभूमीत ठेवायचं म्हणून देह शहापूरला आणला आणि माणसं ओहोळकाकांकडे गेली, तर काका म्हणाले, “जो मंडळीच्या उपासनेला येत नाही, त्याला मंडळीच्या जमिनीत जागा नाही.” माझे सासरे त्यांच्यापुढे हात जोडून उभे राहिले. रत्नमालाबाई आतल्या खोलीत रडत होत्या, ते बाहेर ऐकू येत होतं. काका हलले नाहीत. शेवटी गुरुजींच्या भावानं कल्याणच्या आपल्या मंडळीत जागा मिळवली आणि दुपारच्या उन्हात टेम्पोतून देह कल्याणला गेला. टेम्पोत मावशी शवपेटीच्या बाजूला बसल्या होत्या, एक हात तिच्यावर ठेवून. आमच्या घरावरून टेम्पो गेला. त्यांनी कुणाकडेही पाहिलं नाही.

त्यानंतर मावशी प्रार्थनामंदिरात आल्या नाहीत. ओसरीवरची वेगळी प्रार्थनाही वर्षभरात थांबली. आणि जिंकले म्हणावेत तर ओहोळकाकांच्या बाजूलाही काही उरलं नाही. उपासना होत होती, कल्याणहून महिन्यातून एकदा तिथले पाळकसाहेब येऊन प्रभुभोजन, म्हणजे प्रभूच्या आठवणीची भाकर आणि प्याला, देत होते, नाताळात पताका लागत होत्या. पण चटयांऐवजी आलेल्या बाकांवर माणसं तुरळक, आणि असायची तीही घड्याळाकडे बघणारी. मी पेटीवर सूर धरायचे आणि माझ्यामागे दोन-तीन आवाज कसेबसे यायचे. पाळकसाहेब एकदा उपदेशात म्हणाले होते, “प्रीती विझली की उपासनेचा नुसता धूर होतो.” कुणीही मान वर केली नाही. आठ-नऊ वर्षं अशी गेली...

मग रत्नमालाबाईंना पक्षाघात झाला. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. दोन्ही मुलगे पुण्याला, सुना नोकरीवाल्या. बाई ठेवली ती आठवडाभरात सोडून गेली. ओहोळकाका स्वतः सत्तरीकडे झुकलेले, ज्यांनी उभ्या जन्मात चहाचा कप उचलून ठेवला नव्हता. मी संध्याकाळी पेज घेऊन गेले होते त्यांच्याकडे, तेव्हाची ही गोष्ट. दाराची कडी वाजली. काकांनी दार उघडलं तर उंबऱ्याबाहेर मार्थामावशी. हातात कापडी पिशवी.   मावशी म्हणाल्या, “तुमच्यासाठी नाय आले मी. रत्नासाठी आले. बाजूला व्हा.”

काका बाजूला झाले. मावशी आत आल्या, पलंगाशी गेल्या. रत्नमालाबाईंनी त्यांना ओळखलं आणि त्यांच्या घशातून जो आवाज निघाला तो मला अजून आठवतो. मावशींनी पिशवीतून जुनी लुगडी काढली, मला पाणी तापवायला सांगितलं, आणि अंथरूण बदलताना पाठीवरची जखम बघून नुसतं “अरे देवा” म्हणाल्या. काका दाराला टेकून उभे होते. त्यांच्याकडे न बघता मावशी म्हणाल्या, “दर दोन तासांनी कूस बदलायची. एका कुशीवर ठेवू नका.” काका म्हणाले, “हो.” त्या घरात ओहोळकाकांनी कुणाचं ऐकून ‘हो’ म्हटलेलं मी पहिल्यांदाच ऐकलं.

मावशींना एसटी स्टँडवर सोडायला जाताना मी विचारलं, “मावशी, कसं जमलं तुम्हाला?”  त्या म्हणाल्या, “जमलं कुठं? सबंध वाटेत परत फिरायचंच मनात होतं. किन्हवलीला तर उतरलेच होते, मग पुन्हा चढले. पण वंदना, इतकी वर्षं मी प्रार्थनेला बसते आन तोंडातनं शब्द नाय येत. गुरुजींचं तोंड दिसतं, त्या माणसाचं तोंड दिसतं, देव काय दिसत नाय. जन्मभर परक्यांचं गू-मूत काढलं, आन माझी रत्ना तिथं घाणीत पडलीय... मग माझ्या प्रार्थनेला काय अर्थ?”

त्या आठवड्यातून दोनदा येऊ लागल्या. मधल्या दिवसांसाठी त्यांनी मला शिकवलं. मग माझ्याबरोबर माझ्या जाऊबाई आल्या. हळूहळू ज्या घरांचं ओहोळांकडे जाणं-येणं तुटलं होतं त्या घरांतल्या बायकाही येऊ लागल्या, कारण मार्थामावशी जात असतील तर आपण कोण रुसून बसणार? पलंगाच्या एका बाजूला एका तटाची बाई, दुसऱ्या बाजूला दुसऱ्या तटाची. चादरीची चार टोकं धरून माणूस उचलायचा तर एकमेकींकडे बघावंच लागतं. गुरुवारी दुपारी सगळ्या एकत्र असायच्या. एका गुरुवारी मावशी रत्नमालाबाईंचे केस विंचरता विंचरता गुणगुणू लागल्या, जुनंच गीत, दोघींचं. आम्ही थांबलो. आणि ज्यांना बोलता येत नव्हतं त्या रत्नमालाबाई चालीत हुंकारू लागल्या. शब्द नव्हते, चाल मात्र बरोबर होती. मग एकेक करून आम्ही सगळ्या गायलो. बाहेरच्या खोलीत काका होते. त्यांनी रेडिओ बंद केला.

त्या गुरुवारांतून लोक रविवारी परत येऊ लागले. पण एका रविवारी, प्रभुभोजनाच्या वेळी, प्याला ओहोळकाकांपर्यंत आला आणि त्यांनी तो घेतला नाही; मनात तेढ ठेवून तो घेऊ नये असं आमच्यात मानतात. ते उठले. मावशी त्या दिवशी इतक्या वर्षांनी पहिल्यांदा मंदिरात आल्या होत्या, मागच्या बाकावर बसल्या होत्या. काका भर उपासनेत त्यांच्यापुढे जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, “बाई, मी गुरुजींना जागा दिली नाही. मला क्षमा करा.”  आम्हाला वाटलं मावशी आता हो म्हणतील.  त्या म्हणाल्या, “माझ्याकडं मागून काय होणार? ज्यांच्याकडं मागायची ते कल्याणला हायेत.” आणि त्यांनीही त्या दिवशी प्याला घेतला नाही.

पुढच्याच आठवड्यात आम्ही कल्याणला गेलो. “तू पण चल, मला एकटीला त्यांच्यासंगं जमायचं नाय,” म्हणून मावशींनी मला बरोबर घेतलं. एसटीत त्या आणि मी पुढे, काका मागे. गुरुजींची कबर भिंतीच्या कडेला, गवत आणि रानटी झुडपं माजलेली. मावशी पाठ वळवून उभ्या राहिल्या. इस्त्रीचा पांढरा शर्ट घातलेले ओहोळकाका खाली उकिडवे बसले आणि हातांनी गवत उपटू लागले. काही वेळानं त्यांचा आवाज आला, “गुरुजी... मी चुकलो हो.” त्यांचे खांदे हलत होते. मावशी हळूच वळल्या. मग पदर खोचून त्याही खाली बसल्या आणि दुसऱ्या बाजूनं गवत काढू लागल्या. काकांचा हात झुडपाकडे गेला तशा म्हणाल्या, “तिकडचं ऱ्हाऊ द्या. काटे हायेत.”

बस, एवढंच. क्षमेचा शब्द त्यांच्या तोंडून मी कधीच ऐकला नाही. पण पुढच्या प्रभुभोजनाला दोघांनी प्याला घेतला, आणि त्या दिवशी माझ्या पेटीला गाण्याच्या वर येता येईना, इतका मंडळीचा आवाज होता.

रत्नमालाबाई त्यानंतर तीनेक वर्षं जगल्या. त्यांच्यामागून मंडळीत ज्यांच्या ज्यांच्या घरी कुणी अंथरुणाला खिळलं, तिथं गुरुवारच्या बायका जात राहिल्या. मावशी गेल्यावर सगळ्यांना प्रश्न पडला, त्यांना कल्याणला न्यायचं का? भोईरवहिनी म्हणाल्या, “सिस्टर बोलल्या होत्या, मला माझ्या मंडळीत ठेवा, रत्नाजवळ. गुरुजींना वर भेटेन.” ओहोळकाका आता काठी घेऊनही धड चालू शकत नाहीत. त्यांना खुर्चीतून आणलं. पहिली मूठ माती त्यांनी टाकली आणि हात झटकला नाही, तसाच मातीचा ठेवून बसले.

परवाच्या गुरुवारी आम्ही धसईला गेलो होतो. तिथल्या आमच्यातल्याच एका घरच्या आजी कित्येक महिने अंथरुणावर आहेत, दृष्टी गेलेली; मावशी त्यांच्याकडे नेहमी जायच्या. जखम धुवायची होती. मी सहज बाकीच्यांकडे पाहिलं तर आम्ही चौघीही तळहात एकमेकांवर घासत होतो. आजाऱ्याला गार हात लागू नये म्हणून मावशी असं करायच्या, ते आम्हाला त्यांनी कधी शिकवलं नव्हतं, कधी उचललं तेही कळलं नाही. मी आजींच्या पाठीला हात लावला. त्या वळल्या, चेहरा उजळला, म्हणाल्या, “सिस्टर आली का गो?”

 माझ्या जाऊबाईंनी त्यांचा हात हातात घेतला.

“नाय आजी,” त्या म्हणाल्या, “आमी आलोय.”