पितळी गुंडीची बिस्किटं

बिस्किटांचा डबा संपला असं आपण म्हणतो, पण तो पुरता कधी संपत नाही. तळाशी चुरा उरतोच. आमच्या भट्टीच्या किश्श्यांचं तसंच आहे. नातवंडं म्हणतात, "आजी, सगळे सांगून झाले की!" आणि मी डबा उपडा केला की चार निघतातच!

तर ऐका. लढाईची वर्षं, साताऱ्यातली आमची आळी आणि आळीच्या तोंडाशी हुसेनचाचांची पावाची भट्टी. सकाळचे पाव निघाले की दुपारपर्यंत भट्टीत चांगली धग असायची. त्या धगीवर आम्ही बायका घरून मळून नेलेली नानकटाई भाजून घ्यायचो. पीठ आपलं, साखर आपली, तूप आपलं, चाचांची फक्त आच. ओव्हन नावाची वस्तू तेव्हा कुणाच्या घरात होती?

आम्ही तिघी ठरलेल्या. मी, सांगलीहून नुकतीच लग्न होऊन आलेली. शेजारच्या अक्का, हेडमास्तरांची बायको. शाळा मास्तरांना भ्यायची आणि मास्तर अक्कांना. तिसरी गोदा, आळीच्या टोकाला राहणारी. माहेर पलूसचं, सासरा कचेरीत शिपाई, नवरा पलटणीत. नवऱ्याचं नाव श्रीपती, पण ती "त्येनी" एवढंच म्हणायची आणि ते म्हणतानासुद्धा लाजायची.

*

भट्टीत सगळ्यांची ताटं एकदमच जायची. मग ओळखायची कशी? म्हणून प्रत्येकीची खूण ठरलेली. अक्का वर चारोळी लावायच्या. मी बांगडीची कड दाबायची, चंद्रकोर उठायची. गोदा पदराची गाठ सोडून एक पितळी गुंडी काढायची, राखेनं घासून धुवायची आणि एकेका बिस्किटावर दाबायची.

एकदा अक्कांच्या चारोळ्या भाजताना गळून पडल्या. अक्कांनी सरळ माझं ताट उचललं. मी भीत भीत म्हटलं, "अक्का, त्यावर माझी चंद्रकोर आहे."

"चारोळी गळली की असाच खड्डा पडतो!" असं म्हणून अक्का ताट घेऊन चालत्या झाल्या.

संध्याकाळी मास्तर बिस्किट खाऊन म्हणाले, "आज पहिल्यांदा बरी झालीत हो." अक्का आठवडाभर माझ्याशी बोलल्या नाहीत!

*

आमच्या सासूबाई भट्टीच्या पावाला शिवायच्याही नाहीत. त्यामुळे मी नानकटाई चोरून आणायची. एकदा वासानं सापडले.

"काय आहे ते?" सासूबाईंनी विचारलं. मी डबा पुढे केला. त्या लांबूनच म्हणाल्या, "यात पाण्याचा थेंब पडलाय का?"

"नाही. नुसतं तुपात मळलंय."

सासूबाईंनी क्षणभर डोळे मिटले. "पाणी नाही, म्हणजे विटाळ नाही." असा निकाल दिला आणि दोन उचलली. तिसरं उचलताना म्हणाल्या, "हे शास्त्रात आहे." कुठल्या शास्त्रात, हे विचारायची आमच्या घरात कुणाची छाती नव्हती!

*

आता त्या गुंडीचं सांगते.

श्रीपती शेवटच्या रजेवर आला, तेव्हा पलटणीच्या कॅन्टीनमधून चॉकलेटची वडी घेऊन आला होता. खिशात वितळून तिचा पार लगदा झालेला. गोदानं एक कण जिभेवर ठेवला आणि म्हणाली, "आवं, ह्ये औषध हाय व्हय?" तो पोट धरधरून हसला. म्हणाला, "मला ह्ये लय आवडतं बग. लढाई संपली की रोज खाईन."

निघायच्या दिवशी त्याच्या कोटाची गुंडी तुटली. गोदा सुईदोरा आणायला आत पळाली आणि तेवढ्यात सर्व्हिस मोटारीनं भोंगा दिला. ती बाहेर आली तेव्हा एका हातात सुईदोरा, दुसऱ्या मुठीत गुंडी आणि रस्त्यावर नुसता धुरळा!

"मोटार गेली, गुंडी ऱ्हायली," असं गोदा सांगायची आणि हसायची. तिच्या त्या हसण्याकडे मला बघवायचं नाही. पण तिनं तेव्हाच ठरवून टाकलं होतं. श्रीपती परत येईल तेव्हा त्याच्या हातात चॉकलेटचं बिस्किट ठेवायचं, आणि तेही आपल्या हातचं.

*

पाचगणीला गोदाची मावशी एका बोर्डिंग शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला होती. विलायतेला परत निघालेल्या एका मडमेनं तिला कोकोचा डबा दिला होता. मावशीनं तो गोदाकडे धाडला. लढाईच्या दिवसांत साखर मिळायची मारामार, तिथं कोको म्हणजे सोनंच!

गोदानं पीठ मळलं, गुंडी दाबली आणि ताट भट्टीत गेलं. आता चाचांची सगळी पारख रंगावर. बिस्किट बदामी दिसलं की ताट बाहेर, हा त्यांचा जन्माचा हिशेब. ताट आत जातंय न जातंय तोच चाचा ओरडले, "अगं बाई, जळाली की समदी!" आणि त्यांनी ते बाहेर ओढलं. सगळं कच्चं पीठ!

पुढच्या खेपेला गोदानं बजावलं, "चाचा, ह्येंचा रंगच काळा हाय. घाई करू नगा."

चाचांनी घाई केली नाही. अजिबात केली नाही! निघाले ते कोळसे. प्रत्येक कोळशावर गुंडीचा ठसा मात्र लख्ख. अक्कांनी एक हातात घेऊन उलटसुलट पाहिला आणि म्हणाल्या, "कुटून ठेव गं. दात घासायला बरा!"

आम्ही हसलो. गोदापण हसली, पण एकही कोळसा तिनं फेकू दिला नाही. सगळे पदरात गोळा करून घरी नेले.

*

बेचाळीसची धामधूम आली. भूमिगतांच्या शोधात पोलीस कुठंही घुसायचे. एका दुपारी एक हवालदार भट्टीवर आला आणि त्याची नजर गोदाच्या डब्यावर गेली. झाकण उघडून त्यानं बोट बुडवलं. "ही काळी भुकटी कसली? बंदुकीची दारू काय?"

गोदा पांढरीफटक पडली. डबा गेला असता तर तिचा सगळा बेतच गेला असता. दुसरा कोको आणायचा कुठून?

अक्का पुढे झाल्या. "खायची वस्तू आहे ती! दारू दारू काय करता?" असं म्हणून त्यांनी चांगला चमचाभर कोको तोंडात टाकला.

अक्कांनी तोवर कोको चाखलेला नव्हता. त्यांना वाटलं, चॉकलेट म्हणजे गोड असणार! तोंड वाकडं झालं, डोळ्यांना धारा लागल्या, ठसका लागून नाकातून काळा धूर निघाला. हवालदार घाबरून मागे सरला. "बाई, थुका! आदी थुका ते!"

अक्कांनी सगळं गिळलं. पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाल्या, "गोड आहे."

हवालदार सलाम ठोकून गेला. अक्का तांब्याभर पाणी घटाघट प्यायल्या आणि गोदाकडे वळून म्हणाल्या, "तुझा नवरा आला ना, की पहिल्यांदा माझ्या पाया पडला पाहिजे. सांगून ठेवते!"

*

एकदा सांगलीहून माझा दादा आला. त्यानं पुण्यात कुणाकडे तरी पेस्ट्री खाल्ली होती. तिचे पदर कसे सुटतात, आत मऊ साय कशी असते, याचं हातवारे करकरून वर्णन चाललं होतं. अक्का ऐकून म्हणाल्या, "हात मेल्या, हा तर चिरोटाच! तळण्याऐवजी भाजायचा."

आम्ही तूप-पिठाचा साटा लावून चिरोटे लाटले, भट्टीत घातले आणि मधे साय-साखर भरली. पेस्ट्री झाली होती की नाही देव जाणे, पण झाली होती छान. आईसाठी डबाभर दादाबरोबर दिली. माहेरी जाऊन तेव्हा मला वर्ष होऊन गेलं होतं. आई आठवली की दुपारी सांगलीकडे वाहणाऱ्या कृष्णेच्या वाटेकडे उगीच बघत बसायची मी.

दादानं कऱ्हाड यायच्या आतच डबा रिकामा केला! घरी जाऊन निर्लज्जपणे रिकामा डबा आईपुढे ठेवला.

पुढे तोच म्हणाला, "आईनं झाकण उघडलं गं. नुसता डबा हुंगला. आणि कितीतरी दिवस कुणाला तो घासू दिला नाही."

*

मग ती तार आली. श्रीपती वाळवंटातल्या लढाईत बेपत्ता. जिवंत की मेलेला, काहीच कळत नव्हतं.

आम्हांला वाटलं, गोदा आता घराबाहेर पडणार नाही. दुसऱ्याच दुपारी ती ताट घेऊन हजर. कुंकू नेहमीसारखंच, ठसठशीत. भट्टीवर आलेली एक बाई, नाव नाही सांगत, चटकन बोलून गेली, "आता कशाला गं ती गुंडी दाबतेस?"

गोदानं मानही वर केली नाही. "मंग माझं ताट वळखायचं कसं?" म्हणाली.

त्या दिवशी चाचा तिच्या ताटापाशी उभेच राहिले. रंग बघायचा नादच त्यांनी सोडला, नाक लावून बसले. आणि काय सांगू, गोदाची चॉकलेटची बिस्किटं त्या दिवशी पहिल्यांदा जमली! गोड, खुसखुशीत, काळीभोर. आम्ही तिघी एकमेकींकडे बघून रडलो. ज्याच्यासाठी केली तो कुठं होता?

सासूबाईंनी त्यानंतर आपल्या वाट्याची साखर गोदाला द्यायला सुरुवात केली. चहा बिनसाखरेचा प्यायच्या. विचारलं तर म्हणायच्या, "शास्त्रात आहे."

*

लढाई संपत आली होती. भट्टीवर आम्ही तिघी आणि चाचा. कोकोच्या डब्याचा तळ दिसायला लागला होता. गोदा पाठमोरी बसून गुंडी दाबत होती. रस्त्यात एक माणूस येऊन उभा राहिला. हडकुळा, गाल बसलेले, अंगात जुना खाकी कोट. मी ओळखलं नाही. अक्कांनी ओळखलं, कारण कोटाला एका गुंडीच्या जागी टाचणी होती.

अक्कांनी गोदाचा खांदा धरून हलवला.

गोदा वळली. बघत राहिली. मग म्हणाली, "आदी अक्कांच्या पाया पडा."

तो गोंधळला, पण पडला! अक्का हुंदके देत त्याच्या डोक्यावर हात ठेवत होत्या आणि गोदा ताटातलं गरम बिस्किट फुंकर घालून निववत होती. तिनं ते त्याच्या हातात दिलं. त्यानं ठशावरून बोट फिरवलं, एक घास घेतला आणि सावकाश चावत राहिला.

"जमलंय का?" गोदानं विचारलं.

"गोदे, रागावू नगंस," तो म्हणाला. "जमलंय. पर इटलीत कैदेत हुतो, तितं मदतीची पार्सलं यायची, त्यात बिस्किटं न् चाकलेटच. खाऊन खाऊन जीव विटलाय बग. मला भाकरी दे."

एवढी वर्षं, एवढा खटाटोप! गोदानं ताटाकडे पाहिलं, गुंडी मुठीत घेतली आणि म्हणाली, "चला."

आम्ही दोघी लाज सोडून मागोमाग गेलो. दारातच उभ्या राहिलो. गोदानं चूल पेटवली, ज्वारीचं पीठ मळलं, भाकरी थापली आणि तव्यावर टाकायच्या आधी तिच्या मधोमध गुंडी दाबली.

"अगं, अशानं फुगायची नाही ती!" अक्का दारातून ओरडल्या.

"नगं फुगू दे," गोदा म्हणाली.

फुगली नाही. श्रीपती ती कडेकडेनं खात गेला. ठशाचा तुकडा तेवढा ताटात राहिला. तो त्याकडे बघत म्हणाला, "आता तरी ती गुंडी कोटाला लाव की."

"न्हाई लावायची," गोदा म्हणाली. "कोट पुरा झाला की तुमास्नी परत बोलावत्यात."

आणि तिनं दुसरी भाकरी थापायला घेतली. तिच्यावरही गुंडी दाबली.