पाठ फिरवणारा माळकरी

गळ्यात तुळशीची माळ घातलेला माणूस रोज सकाळी मोऱ्याच्या धक्क्यावर मासळीच्या टोपल्यांशेजारी येऊन बसायला लागला, तर तुम्ही काय समजाल? मीही तेच समजलो. मासा खात नाही, घेत नाही, नुसता कुठली होडी कुठून आली ते बघत बसतो. माझी बायको टोपली उचलता उचलता म्हणाली, "ह्यो सरकारी मानूस हाय. नायतर दुसऱ्या बंदरावाल्यांचा." आमचं दोघांचं एकमत क्वचित होतं. तेव्हा झालं.

माणूस साताऱ्याकडचा. सगळी नोकरी खाडीतला गाळ काढणाऱ्या जहाजावर केलेली, आता खांदेश्वरला मुलाच्या फ्लॅटमध्ये राहायचा. तिथून स्कूटर काढून इथे का येता, असं विचारलं की म्हणायचा, "चौथ्या मजल्यावर वारं येतं, पर त्याला वास नसतो." असं गोड बोलणाऱ्यापासून मी लांब राहतो. त्याला नाव होतं, पण धक्क्यावर सगळे माळकरीच म्हणायचे. मला तो तांडेल म्हणायचा, आणि त्यात चूक काही नव्हती. होडी माझी, ती हाकणारा तांडेल मीच.

अडचण माझी होती, ती त्याने ओळखली. आमचा जाळ्याचा खुंट समुद्राच्या तळात पुरलेला असतो. त्याला बांधलेला, वर तरंगणारा बोया मोठी जहाजं तोडून नेतात, मग खुंट खुणेनेच शोधायचा. डोंगराची खाच आणि देवळाचा कळस एका रेषेत आले की खाली आमचा खुंट. ही खूण बापाने मला दिली. खूण घरातच ठेवायची, जावयालासुद्धा सांगायची नाही. पण किनाऱ्यावर टॉवर उठले आणि कळस त्यांच्यामागे गेला. मी अंदाजाने जात होतो. मुलगा पावण्याला कारखान्यात नोकरीला, तो म्हणायचा, आता होडी विका. खुंट हरवला असता तर त्याचं म्हणणं खरं झालं असतं.

माळकऱ्याने माझ्या मोबाइलवर समुद्राचा नकाशा दाखवला. पाणी किती खोल त्याचे आकडे, आणि मधे एक बाण, म्हणजे आपण. मी पहिलं विचारलं, मी इथं हाय हे ह्याला कळतं, तर आनखी कोनाला कळतं? तो हसला नाही. म्हणाला, हे विचारायलाच पाहिजे. मग एकेक करून काय बंद ठेवायचं ते दाखवलं. मी तिसरी शिकलेला, पण तिसरी नीट शिकलेला. दुसऱ्यांदा सांगायला लागलं नाही. फक्त ओलं, खारं बोट त्या काचेला चालत नाही. म्हणून तो खिशात कोरडं फडकं बाळगायचा आणि आधी माझं बोट पुसायचा.

स्वतः तो माझ्याहून संशयी. पिशवीत दोरीला बांधलेलं शिशाचं वजन असायचं. मोबाइलने खोली सांगितली की ते धक्क्यावरून पाण्यात सोडून बघायचा. "फोनवर इश्वास ठेवू नका, तांडेल. डोळ्यावर बी ठेवू नका. दोघास्नी एकमेकाची चुगली करू द्या." हे मला पटलं. माणूस नाही पटला.

खूण ठेवायला नकाशावर बोट दाबून धरायचं. ते शिकवून झालं की तो म्हणायचा, "मी पाठ फिरवतो, तुमी ठेवा." मला वाटलं, हीच मेख आहे. मी मुद्दाम खडकाजवळ खोटी खूण ठेवली आणि मोबाइल त्याच्या हातात दिला, बघू म्हटलं तिथे कुणाचं जाळं पडतं. कुणाचं पडलं नाही. तरी मी खरी खूण ठेवली नाही. चोर घाई करत नसतो.

थंडीतल्या एका सकाळी एवढं धुरकं पडलं की होडीचं नाक दिसेना. डोंगर नाही, कळस तर नव्हताच. मोबाइलमध्ये एकच खूण, तीही माझीच खोटी. पाणी फिरून फिरून मी रिकामा परत आलो. खुंटाला लावलेल्या जाळ्यात मासळी कुजणार होती. माळकरी धक्क्यावर बसलेला.

"खोटी व्हती न्हवं?" तो म्हणाला.

"तुमाला कसं कळलं? बगितलंत ना चोरून?"

"मी पाठ फिरवायच्या आधीच तुमी बोट टेकलं. खरी खूण ठेवणारा माणूस आधी आजूबाजूला बघतो."

हवा निवळली तेव्हा त्याला होडीत घातलं. सबंध दुपार शोधल्यावर तळाशी ओढत नेलेल्या गळाला खुंटाचा दोर लागला. खुंट जागेवर होता. मी म्हटलं, "बगा माळकरी. माझ्या घराबाहेरचा कोनी ह्या जागी आला नाय." त्याने फडक्याने माझं बोट पुसलं आणि मुंबईकडे तोंड करून बसला. मी आजूबाजूला बघितलं. मग बोट टेकलं.

पुढे त्याच्या बायकोचे गुडघे धरले म्हणून तो साताऱ्याकडे गावी गेला. कधी फोन यायचा. "सापडतो का?" एवढंच विचारायचा. कुठे, हे कधीच नाही. मी वाट बघायचो, आज तरी विचारेल. गेल्या पावसाळ्यात त्याच्या मुलाचा फोन आला, की वडील गेले.

होडी अजून माझीच आहे. खुणेला मोबाइल नाव मागतो, ते मी एका बोटाने, स्वतः लिहिलं. परवा बाजूच्या होडीतला एकजण खांद्यावरून डोकावला आणि खो खो हसला. "काका, दर्यात सातारा कुठला हो?"

मी मोबाइल पालथा घातला.