विनिपेगच्या तळघरातली जाळी

मी आमचं गाव, चिखला, सोडलं त्या सकाळी आईनं माझी मोठी बॅग ओल्या फडक्यानं दोनदा पुसली. जीप दारात उभी होती. समोरच्या रस्त्यानं मँगनीजचा ट्रक गेला की पुसलेल्या बॅगेवर पुन्हा काळपट भुकटी बसायची आणि आई पुन्हा फडकं पिळायची.

"राहू दे न व आई," मी म्हटलं.

"विमानातले लोक काय म्हणतीन? खाणीतून निघून आली म्हणतीन."

"मंग खाणीतूनच जाऊन राहिली न," बाबा म्हणाले.

बाबा खाणीत नोकरीला होते, पण रोज खाली उतरणाऱ्यांतले नव्हते. खाणीच्या तोंडाशी एक प्रचंड पंखा असतो, खालच्या बोगद्यांतली हवा खेळती ठेवणारा. त्या पंख्यापाशी त्यांची ड्युटी. लहानपणी मला याची जरा लाज वाटायची. मैत्रिणींचे वडील सुरुंग लावायचे, दगड फोडायचे, आणि माझे बाबा पंख्याजवळ बसायचे. तुमसर रोडच्या फलाटावर नागपूरच्या गाडीची वाट पाहताना ते मला म्हणाले, "जेवणाचं तुझी माय विचारन. तू मले तिथल्या हवेचं सांग."

मी पोचले तेव्हा विनिपेगमध्ये मार्च होता आणि सगळीकडे बर्फ. प्रशांत, माझा नवरा, दीड वर्ष आधी तिकडे गेलेला. फोनवर बाबांना मी हवेचं सांगितलं ते असं, की बाबा, इथं हवा बाहेरच राहते. खिडक्या बंद, दारं दोन-दोन, आणि घरात जमिनीवरच्या लोखंडी जाळ्यांमधून गरम वारा येतो. तो कुठून येतो ते मला माहीत नव्हतं. तळघरात फर्नेस नावाचं कपाटाएवढं यंत्र आहे, ते हवा तापवून घरभर ढकलतं, एवढंच प्रशांतनं सांगितलं. गावात एप्रिल लागला की बाबा कूलर उतरवायचे, जुन्या ताट्यांतला कुजका वाळा काढून नवा भरायचे, आम्ही भावंडं भोवती उभी राहायचो आणि त्या ओल्या वासानं उन्हाळा सुरू झाला असं वाटायचं. इथल्या यंत्रातही काही बदलावं लागत असेल, हे माझ्या मनात आलंच नाही.

ते कळलं रेवाच्या खोकल्यामुळे. रेवा आमची मुलगी, तेव्हा तीन वर्षांची. आम्ही नुकतंच एक जुनं घर घेतलं होतं. हिवाळा लागला आणि तिच्या छातीतून शिट्टीसारखा आवाज येऊ लागला. डॉक्टरबाईंनी तपासलं, दम्याचा पंप लिहून दिला आणि सहज विचारलं, "फर्नेसचा फिल्टर शेवटचा कधी बदललात?"

मी प्रशांतकडे पाहिलं, त्यानं माझ्याकडे.

घरी येऊन तळघरात गेले. फर्नेसच्या बाजूला एक अरुंद फट होती, तिच्यातून एक पुठ्ठ्याची चौकट ओढून काढली. चौकटीतला कागद मुळात पांढरा असणार. त्याच्यावर धुळीचा, केसांचा, कसल्या कसल्या तंतूंचा इतका जाड करडा थर बसला होता की तो घोंगडीच्या तुकड्यासारखा दिसत होता. आमच्या आधीच्या मालकांनी कधी बदलला होता, देव जाणे. ते सगळं माझ्या लेकीच्या छातीत जात होतं, या विचारानं मी तिथंच पायरीवर बसले. बॅगेवरची भुकटी पुसणारी माझी आई असती तर एका दिवसात तिनं हे शोधून काढलं असतं, असंही वाटलं.

त्या दिवसापासून मला फिल्टरचं वेड लागलं. दुसरा शब्द नाही. दुकानातल्या फिल्टरच्या लांब मांडणीसमोर मी तास-तास उभी राहायची. सोळा बाय पंचवीस बाय एक इंच, हे माप मला माझ्या वाढदिवसाइतकं पाठ झालं. हवा कोणत्या दिशेनं जाते त्याचा बाण चौकटीवर छापलेला असतो, तो फर्नेसकडे असावा लागतो. आणि प्रत्येकावर एक आकडा असतो. आकडा जितका मोठा तितकी जाळी बारीक, तितकी धूळ जास्त अडते. आठ, अकरा, तेरा. मी आधी आठवाला घेतला, मग अकरावाला. दर रविवारी खाली जाऊन तो काढून उजेडात धरून पाहायची. प्रशांत म्हणायचा, अगं, तीन महिन्यांनी बदलायचा असतो तो. पण रेवा खोकली की माझे पाय आपोआप तळघराकडे वळायचे.

त्या घरातल्या तिसऱ्या उन्हाळ्यात उत्तरेकडची जंगलं पेटली आणि आठ-दहा दिवस विनिपेगवर धूर राहिला. सूर्य ताटलीसारखा तांबडा दिसायचा, डोळ्याला न खुपणारा. तेरा आकड्याच्या फिल्टरवर जाणं मला भाग पडलं. पण तेरानंही माझं समाधान होईना. दुकानात त्याच्याही वर एक होता, सगळ्यात बारीक. मी त्याचे सहा आणले. एसीची हवाही त्याच फिल्टरमधून, त्याच जाळ्यांतून यायची; त्या महिन्यात ती मंद झाली आणि एसीच्या तांब्याच्या पाइपवर बर्फ धरलेला दिसला. मला वाटलं, एसी फारच चांगलं काम करतोय.

बाबा आले ते त्याच ऑक्टोबरात. निवृत्त झाले होते. आई आली नाही, माझ्या भावजयीचं बाळंतपण होतं. पहिले काही दिवस बाबा घरभर फिरून लोखंडी जाळ्यांवर हात धरून उभे राहायचे. एकदा म्हणाले, "बाई, हवा कमी येऊन राहिली."

"गरम तर आहे न, बाबा?"

"गरम आहे. पण कमी आहे."

मी लक्ष दिलं नाही. आपल्या माणसाला आपण नव्या घरी बोलावतो तेव्हा त्यानं कौतुक करावं असं वाटतं. तुमच्यापैकी जे माझ्यासारखे लांब गेलेत त्यांना हे कळेल.

जानेवारीत एका सकाळी बाहेर उणे बत्तीस होतं आणि फर्नेस बंद पडला. बंद पडला म्हणजे पुन्हा पुन्हा पेटायचा, दोन-तीन मिनिटं फुरफुरायचा आणि विझायचा. मग नुसता पंखा फिरत राहायचा, गार हवा फेकत. प्रशांत कामासाठी उत्तरेतल्या एका गावी आठवडाभर गेला होता. मी दुरुस्तीवाल्यांना फोन लावला. त्या थंडीत अर्ध्या शहराचे फर्नेस अडलेले असावेत. फोनवरची बाई म्हणाली, माणूस संध्याकाळपर्यंत येईल, त्याआधी नाही.

भिंतीवरच्या तापमापकाचा आकडा एकवीसवरून अठरा झाला, मग सोळा. थंडीत रेवाची छाती लगेच आवळते. मी तिला दोन स्वेटर घालून, पांघरुणात गुंडाळून सोफ्यावर बसवलं, पंप हाताशी ठेवला आणि सगळ्या नळांची धार बारीक सोडली, पाइप गोठू नयेत म्हणून. बाबा तळघरात उतरले. मी मागोमाग गेले.

त्यांनी फर्नेसच्या पत्र्यावर तळहात टेकला, तो विझला तेव्हा कान लावला, पुन्हा पेटला तेव्हा पुन्हा. मग त्या अरुंद फटीतली चौकट बोटानं चाचपली. चौकट आत वाकली होती, खेचून धरल्यासारखी.

"याले श्वास भेटून नाही राहिला," बाबा म्हणाले. "हवा येईना म्हणून आतल्या आत तापते, अन् तापलं का आपणच बंद होते. हे काढून पाहू."

"नाही, बाबा."

"अव, घडीभर काढू. चालते का पाहू."

"रेवाच्या छातीत सगळी धूळ जाईल! तुमाले इथलं काही समजत नाही, बाबा. हे चिखला नाही."

माझा आवाज तळघरात घुमला. बाबांनी हात मागे घेतला. जिन्याच्या कठड्याला धरून हळूहळू वर गेले आणि रेवाजवळ जाऊन बसले. तिला आपल्या शालीत घेतलं आणि गाडीचे डबे मोजायचं कसलं तरी गाणं म्हणू लागले.

मी खालीच उभी राहिले. फर्नेस पेटला, विझला. मी हातातला टॉर्च त्या चौकटीवर मारला. फिल्टर मी पंधरा दिवसांपूर्वीच बदलला होता. स्वच्छ होता. सगळ्यात बारीक, सगळ्यात चांगला. त्याच्यात काय खोट असणार?

वर रेवा खोकली. एकदा, मग सलग चार-पाचदा.

जिन्याच्या वरच्या पायरीवरून पाहिलं तर भिंतीवरचा आकडा चौदा झाला होता. मी तिथूनच हाक मारली, "बाबा, खाली येता का?"

ते आले. मी यंत्राचं बटण बंद केलं, त्यांनी चौकट धरली. ती इतकी घट्ट रुतली होती की दोघांनी मिळून ओढावी लागली. पत्रा निवेपर्यंत आम्ही थांबलो. तेवढ्या वेळात बाबा एवढंच बोलले, "पंखा बंद पडला का आमी पहिले माणसं वर बोलवत होतो. धुळीची चिंता मंग. धूळ माणसाले हळूहळू खाते. हवा नसली तर घडीभरही नाही थांबत."

मी बटण चालू केलं. फर्नेस पेटला. आम्ही दोघं पाहत राहिलो. दोन मिनिटं, तीन, पाच. दहा मिनिटं झाली तरी तो चालूच होता. वर जाऊन मी लोखंडी जाळीवर हात धरला. जोराचा, गरम वारा लागला. असा वारा त्या घरात मला किती महिन्यांत लागला नव्हता, हे तेव्हा कळलं.

संध्याकाळी दुरुस्तीचा माणूस आला. उंच, थकलेला, भुवयांवर बर्फ. त्यानं माझा फिल्टर हातात घेऊन पाहिला आणि मान हलवली. म्हणाला, बाई, तुमचा फर्नेस जुना आहे, एका इंचाच्या फटीत इतक्या बारीक जाळीतून त्याला हवा ओढवत नाही. आठवाला लावा, फार तर अकरावाला, आणि हिवाळ्यात महिन्याला बघत जा. मुलीसाठी तिच्या खोलीत वेगळं हवा शुद्ध करणारं यंत्र ठेवा. मी विचारलं, एसीच्या पाइपवर बर्फ? तो म्हणाला, तेही यामुळेच.

तो गेल्यावर मी चहा केला. बाबांची माफी मागायची होती. पण आमच्या घरात कोणी कोणाची माफी मागितलेली मी कधी ऐकली नाही, तर कशी मागतात तेच सुचेना. मी बशीत त्यांच्यासाठी दोन बिस्किटं जास्त ठेवली. त्यांनी ती रेवाला दिली.

बाबा मार्चमध्ये परतले. जायच्या आधी तळघराच्या भिंतीवर त्यांनी पेन्सिलीनं फिल्टर बदलल्याची तारीख लिहून ठेवली, कामावर लिहायचे तशी, खाली सहीसकट. त्याच्याखाली आता माझ्या तारखा आहेत. रेवाचा दमा गेला नाही, पण बराच आटोक्यात आहे. माझी काळजीही गेली नाही. ती आता दर रविवारी येत नाही, एवढंच.

या डिसेंबरात आम्ही तीन आठवडे चिखल्याला गेलो. ऊन कोवळं होतं, रेवा भावाच्या मुलांबरोबर दिवसभर उघड्यावर होती आणि तिला एकदाही पंप लागला नाही. मला सुखात असायला हवं होतं. पण तिसऱ्या दिवशी विनिपेगमध्ये उणे तीस झाल्याचं वाचलं आणि मला चैन पडेना. फर्नेस चालू असेल ना? पाइप गोठले नसतील ना? तिकडे शेजारी राहणाऱ्या मार्था आजींकडे किल्ली होती. त्यांना मी निरोप पाठवला आणि अंगणात खाटेवर फोन हातात धरून बसले. चहा निवला. आई समोर वांगी चिरत होती, बाबा शेजारी बसले होते.

बऱ्याच वेळानं फोटो आला. भिंतीवरचा आकडा, सोळा. आम्ही ठेवून आलो होतो तितकाच. मी फोन खाटेवर ठेवला.

"घरी सगळं बरोबर आहे न?" बाबांनी विचारलं.

"हो बाबा, घरी सगळं बरोबर आहे," मी म्हटलं.

आईचा विळीवरचा हात त्या 'घरी'शी थांबला. तिनं माझ्याकडे पाहिलं, मग बाबांकडे. मग पुढचं वांगं उचललं.