सगळ्यांचं कालवण

सणसरच्या त्या म्हातारीचं नाव मला कधी कळलंच नाही. चोपन्न-पंचावन्न सालची गोष्ट असेल. मी नुकतीच लग्न होऊन बारामतीला आले होते. चर्चमध्ये कापणीचा सण होता. पाळकसाहेबांनी परस्परप्रीतीवर तासभर उपदेश केला आणि जेवायला मंडळी लिंबाखाली दोन वेगळ्या पंगती धरून बसली. ख्रिस्ती होऊन दोन पिढ्या झाल्या, तरी जुन्या जाती पंगतीला हजर होत्या. ज्यानं त्यानं आपापलं गाठोडं सोडलेलं.

म्हातारी बैलगाडीतून आलेली, पदर कमरेला खोचलेला. तिनं चहाचं रिकामं पातेलं दोन्ही पंगतींच्या मधोमध आपटलं, आपली हुलग्याची आमटी त्यात ओतली, आणि एकेकाच्या पुढ्यातलं कालवण उचलत सुटली. पिठलं, सुकट, वांगी, सगळं एकात.

"अगं, काय करतीस हे?" माझ्या सासूबाई ओरडल्या. पलीकडच्या पंगतीचं त्यांनी कधी पाणीही घेतलं नव्हतं.

पळीनं ढवळत म्हातारी म्हणाली, "आता ज्येचं त्येनं वळखून काढून घ्या. वळखत न्हाय? मग गप खावा."

दोन्ही पंगती पातेल्यात वाकून बघू लागल्या. मग सासूबाईंनाच हसू फुटलं. हसता हसता त्यांनी वाटी पुढं केली, आणि मागोमाग दोन्हीकडून वाट्या आल्या.

त्या दिवसाचा उपदेश मला आठवत नाही, कालवण आठवतं. चव विचाराल तर भयंकर होती. सासूबाईंनी दोनदा मागून घेतलं.