प्लास्टरवरची चापट

काल संध्याकाळी दवाखान्यात जे झालं, ते लिहिल्याशिवाय राहवत नाही. अजून राग गेलेला नाही...

मी नौपाड्यात हाडांच्या एका डॉक्टरांकडे पेशंटचे नंबर लावायचं काम करतो. बाकावर कळव्याच्या एक मावशी बसलेल्या. त्या पोळी-भाजी केंद्रात पोळ्या लाटतात. उजवं मनगट मोडलंय, दोनच दिवसांपूर्वी प्लास्टर घातलेलं.

तीन-साडेतीन वर्षांची एक मुलगी पळत आली आणि थेट त्याच हातावर आदळली. मावशी कळवळल्या. मुलगी घाबरून रडायला लागली.

तिचे बाबा उठले. मला वाटलं, सॉरी म्हणतील... त्यांनी मुलीला कडेवर घेतलं आणि म्हणाले, "कोणी मारलं माझ्या पिल्लूला? या आजीने? हात रे! आपण आजीला मारू हं. मार, मार!"

आणि तिने प्लास्टरवर चापट मारली. बाबा हसले. बाकावरचे दोघं-तिघंही हसले!

पोर पडलं की आपण जमिनीला मारतो, दाराला मारतो. मीही भाचीसाठी कितीदा मारलंय. पण ही जमीन नव्हती हो... डोळ्यांत पाणी आलेलं माणूस होतं.

माझी दहावीही झालेली नाही. पेशंटच्या माणसांना उलट बोललो तर नोकरी जाईल, ही भीती कायम असते. तरी बोललो. "साहेब, मावशींचा हात मोडलाय. त्यांना लागलं, हे तिला सांगा ना."

"अरे, लहान आहे ती. तिला काय कळतंय? तू तुझे नंबर बघ."

तेवढ्यात मावशीच त्या मुलीला म्हणाल्या, "बाळा, मलापण बाऊ झालाय गं. हा बघ, याच्या आतमध्ये."

मुलीचं रडणं थांबलं. कडेवरूनच ती खाली वाकली आणि तिने प्लास्टरवर फुंकर घातली. एकदा नाही, तीनदा. मग विचारलं, "गेला बाऊ?"

"थोडा गेला," मावशी म्हणाल्या.

बाबा तोवर मोबाइलमध्ये बघत होते.

याचाच जास्त राग येतो. एवढ्याशा पोरीला एका वाक्यात कळलं... ते वाक्य बोलायला तिच्या बापाला काय जड जात होतं? कळत तिला होतंच. सांगितलं नव्हतं कोणी.

मावशी, त्या दुखऱ्या हातावर मार खाऊनही तुम्ही तिच्याशी किती मायेने बोललात. मला नसतं जमलं.