पुढच्या शिडाचा दांडा

आमचे शेजारी काका समुद्रावरची नोकरी संपवून शेलूबाजारला परतले आणि धरणावर फिरायला त्यांनी दोन शिडांची होडी बांधली. पुढच्या लहान शिडाला खालून आडवा दांडा होता. "दांडा असला का शीड आपोआप वळते. दुसरा माणूस लागतच नाई," असं ते भेटेल त्याला हातवारे करून सांगत. पुढे बसलेल्याला तो दांडा लागू शकतो, हे सांगायचं राहून जाई.

एकदा पुढे काकू बसल्या होत्या. वारा फिरला आणि दांडा त्यांच्या कपाळावर आदळला.

दुसऱ्या दिवशी बाजारात बायांनी कपाळावरच्या टेंगळाबद्दल विचारलं, तर काकू म्हणाल्या, "दाराची चौकट लागली." बाया एकमेकींकडे, मग बाजूच्या काकांकडे बघू लागल्या. मान खाली घालून उभे असलेले काका एकदम बोलले, "चौकट नाई. माह्या होडीचा दांडा लागला. तिले वाक म्हनाचं मले सुचलंच नाई." त्यांचे कान लाल झाले होते.

काकांनी दांडा काढून टाकला. आता पुढच्या शिडाची दोरी प्रत्येक वळणावर काकू ओढतात. परवा काठावरून मला ऐकू आलं. काका हळूच विचारत होते, "वळवू का वं?" आणि काकू 'हो' म्हणेपर्यंत होडी सरळच जात होती.